रद्दीतला वेताळ

दसरा उलटला की मराठी घरांतून एक मोहीम निघते. माळे रिकामे होतात, पेट्यांना ऊन दाखवले जाते, आणि वर्षभर ज्यांची कुणाला आठवण झाली नाही असे कागद ओसरीवर येऊन पडतात. त्यांतले बहुतेक दुपारच्या आत तराजूवर चढतात. दिवाळी अंकाच्या पानावरच हे लिहिताना थोडा संकोच होतो; कारण पुढच्या आश्विनात या अंकाचीही तीच गत व्हायची आहे! पण माझ्यासारख्या माणसाचा हंगामच मुळी या साफसफाईने सुरू होतो. गेली वीसएक वर्षे मी या दिवसांत परभणी, मानवत, सेलू, गंगाखेड येथल्या रद्दीच्या दुकानांतून हिंडतो. दुकानदार आता मला ओळखतात. एकजण तर लांबूनच हाक मारतो, "साहेब, तुमचं भूत आलंय!"

भूत म्हणजे वेताळ. गावकुसाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या धोंड्यातला नव्हे, आणि विक्रम राजाच्या खांद्यावरचाही नव्हे. अंगाला घट्ट बसणारा जांभळा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुले आणि बोटात कवटीची अंगठी असलेला, ज्याचा ठोसा बसला की खलपुरुषाच्या हनुवटीवर कवटीची खूण जन्मभर राहते, तो वेताळ. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना अधिक ओळख करून देण्याची गरज नाही. त्यांच्या मुलांसाठी मात्र चार ओळी लिहिणे भाग आहे.

ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्राच्या चित्रपट्टीतून या पुरुषाला जन्म दिला. त्याआधी दोन वर्षे, १९३४ साली, त्यानेच मॅन्ड्रेक हा जादूगार निर्माण केला होता. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतो. त्याच्यामागून त्याचा मुलगा, मग नातू, तोच पोशाख चढवतात. आणि अरण्यातले लोक समजतात की हा एकच पुरुष आहे आणि त्याला मरण नाही. आपण वाचीत होतो तो एकविसावा. या गृहस्थाला उडता येत नाही, गोळी लागली तर त्याचे रक्त सांडते. तरीही, आज ज्यांना सुपरहीरो म्हणतात त्या मंडळींचा तो वडीलधारी होय. सुपरमॅन आला जून १९३८च्या अंकातून, बॅटमॅन मे १९३९च्या. घट्ट पोशाख आणि बाहुली न दिसणारे पांढरे डोळे ही या कुळाची जी लक्षणे, ती वेताळाने आधीच धारण केली होती.

आता अमेरिकेत या कुळाच्या पहिल्या अंकांचे काय झाले ते पाहा. सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला, तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक दहा सेंटला मिळत होता. त्याच्या दोन लाखांच्या आसपास प्रती छापल्या गेल्या आणि आज सुमारे शंभर उरल्या आहेत असे मानतात. त्यांतली एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरना विकली गेली. त्यानंतरच्याच वर्षी सुपरमॅनच्या स्वतंत्र मासिकाचा पहिला अंक नव्वद लाखांच्या वर गेला. तो अंक तीन भावांना कॅलिफोर्नियात आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडला होता. हे वाचून आपल्याकडच्या अनेकांनी आपापल्या माळ्याकडे पाहिले असेल. पण या किमतीमागचे कारण फार साधे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. शाळकरी मुलांनी आपली चित्रपुस्तके गठ्ठ्यांनी नेऊन दिली आणि त्यांचा लगदा झाला. त्यांच्याकडे ते काम महायुद्धाने केले. आमच्याकडे त्याला दिवाळी पुरली.

वेताळ हिंदुस्थानात इंग्रजी साप्ताहिकाच्या रंगीत पानावरून आला. 'इलस्ट्रेटेड वीकली' पन्नाशीच्या दशकात ज्यांच्या घरी येत असे, त्या घरांतली मुले त्याला ओळखत होती. पण अशी घरे परभणीसारख्या जिल्ह्यात किती असणार? सामान्यांच्या हाती तो पडला मार्च १९६४ नंतर. त्या महिन्यात 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या बेनेट, कोलमन कंपनीने मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिल्याच अंकात वेताळाच्या कमरपट्ट्याची कथा होती. पुढे 'अमर चित्र कथा'मुळे घरोघर पोहोचलेले अनंत पै त्या वेळी याच संस्थेत होते आणि या मालिकेच्या उभारणीत त्यांचा हात होता. मालिकेचे पहिले बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे. मॅन्ड्रेक आणि इतर मंडळी नंतर आली. सुरुवातीला त्याची कथा थोड्या पानांत बसवीत आणि उरलेल्या जागेत माहितीपर मजकूर देत. मुखपृष्ठे गोविंद या चित्रकाराची. आतली चित्रे अमेरिकन असली तरी वरचा वेताळ आपल्या माणसाच्या कुंचल्यातला होता, आणि संग्राहक आज ज्यासाठी जीव टाकतात ती गोष्ट मुख्यतः हीच मुखपृष्ठे आहेत.

भाषांतरात एक शहाणपणा दाखवला गेला, तो सांगण्यासारखा आहे. मूळ कथेत वेताळाच्या मुलखाचे नाव 'बेंगाली' असे होते आणि चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग'. हिंदुस्थानात ही नावे जशीच्या तशी छापली असती तर कलकत्त्यापासून अमृतसरपर्यंत पत्रांचा पाऊस पडला असता. तेव्हा 'बेंगाली'चे 'डेंकाली' झाले आणि 'सिंग'चे 'सिंगा'. मुले नकाशात डेंकाली शोधीत बसली!

आणि नाव? बंगाल्यांनी त्याला 'अरण्यदेव' म्हटले. मराठीने आणि हिंदीने जुनेच भूत उकरून काढले. मराठी छापखाना जेमतेम चालू लागला होता त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी वेताळ पंचविशी मराठीत आणली होती. आणि १९५२ पासून मराठीत येऊ लागलेल्या 'चांदोबा'त तर दर महिन्याला प्रेत खांद्यावर टाकून निघालेला विक्रम आणि त्या प्रेतातला बोलका वेताळ ठरलेलाच असे. शंकर या चित्रकाराने काढलेले ते झाड, ती तलवार आणि ती लोंबकळणारी आकृती कोण विसरेल? म्हणजे परभणीच्या मुलाला वेताळ आधीच ठाऊक होता. तो नुसता अमेरिकन कपडे घालून आला. आमच्या आजीला मात्र हा फरक शेवटपर्यंत पटला नाही. "दिवा लावायच्या वक्ताला त्याचं नाव घेऊ नका रे लेकरांनो," असे ती म्हणे, आणि ते पुस्तक देवघराच्या भिंतीला लागून ठेवू देत नसे.

आजीच्या तोंडचा तो 'वक्त' मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण परभणीची गोष्ट त्यावाचून कळत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रकाशकाने वेताळाचे स्वतंत्र पुस्तक काढायला सुरुवात केली. त्याच महिन्याच्या १७ तारखेला आमचा जिल्हा निजामाच्या अमलातून मुक्त झाला. तोवर येथली कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, वरच्या वर्गांतले शिक्षण उर्दू. आमच्या वडिलांच्या पिढीला घरात मराठी, बाजारात दोन्ही आणि कागदावर उर्दू अशी सवय होती. व्यवहार हाली सिक्क्यात होत असे. हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि त्यानंतर चारच वर्षांनी 'इंद्रजाल' निघाले. याचा अर्थ असा की, पहिल्या वर्गापासून मॅट्रिकपर्यंत सरळ मराठीत शिकणारी आमच्याकडची पहिली मुले ज्या वयात वाचनाला लागली, त्याच वयात वेताळ त्यांच्या हाती पडला. पुण्याच्या मुलाला त्याच्या आजोबांच्या कपाटात मराठी पुस्तके सापडत. आमच्याकडे कपाटच आमच्यापासून सुरू झाले.

मला या चिटोऱ्यांचे महत्त्व वाटते ते यासाठी. साठ लाख डॉलरसाठी नव्हे. (ते कुणी दिले तर नाही म्हणणार नाही, ही गोष्ट वेगळी!)

वेताळ आमच्याकडे येई तो रेल्वेने. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन जिल्ह्याच्या अंगावरून गेलेली. सेलू, मानवत रोड, परभणी आणि मग पूर्णा. पूर्णा हे मोठे जंक्शन. तेथून हिंगोली-अकोल्याकडची लाइन फुटे. इंजिनांची शेड, गार्ड-ड्रायव्हरांची वस्ती, दिवसरात्र धूर. आमचे मामा तेथे गार्ड होते. त्यांची ड्यूटी मनमाडकडे लागली की मराठी अंक येई, हैदराबादकडे लागली की इंग्रजी. इंग्रजी कुणालाच धड वाचता येत नसे, पण चित्रांवरून आम्ही आपली मराठी कथा रचून घेत असू, आणि पुढे कधी खरी मराठी प्रत हाती आली की आमची कथा अधिक सरस होती असे आमचे एकमत होई. मामांना पुस्तकाचे नाव कधी सांगता आले नाही. ते म्हणत, "ते कवटीवाल्याचं आणलंय."

एक अंक घरी आला की तो त्या घराचा राहत नसे. क्वार्टरमधून क्वार्टरमध्ये, वर्गातून वर्गात, शेवटी पानपट्टीच्या खोक्याजवळ भाड्याने. पाच पैशांत एक दिवस. दुकानदार मधल्या पिना काढून जाड दोऱ्याने शिवून घेई आणि मुखपृष्ठाला खाकी कागद डकवी. एका प्रतीने शंभर हात पाहिले असतील. घामट बोटे, तेलकट शेंगदाणे, पावसाळा, आणि बॉलपेनने स्वतःच्या मनगटावर कवटी काढताना नमुना म्हणून समोर ठेवलेले ते पान! जो अंक वाचला गेला तो फाटला, आणि जो वाचला गेला नाही असा अंकच नव्हता. शिवाय वडीलधाऱ्यांच्या लेखी ते पुस्तक नव्हतेच. ग्रंथालयाच्या नोंदवहीत ज्याला क्रमांक मिळतो ते पुस्तक. ज्याला पिना असतात ते चिटोरे. त्यामुळे प्रेमाने निम्मे संपले आणि तुच्छतेने उरलेले.

मालिका स्वतः फार काळ तगली. आरंभी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर हा देशी नायक आला, कुर्ता आणि जीन्स घालून चंबळच्या दरोडेखोरांशी लढू लागला. त्याच्यावर वेगळा लेख होईल. १९९० साली दुकान मिटले तेव्हा आठशेच्या वर अंक निघून गेले होते. शेवटची काही वर्षे दूरदर्शनने खाल्ली असे माझे मत आहे. दुसऱ्यांचे वेगळे असू शकेल.

आता शोधाविषयी. रद्दीच्या दुकानात पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे समोरून पाहू नये, कडेने पाहावे. पातळ, पिनांचे, रंगीत कागदाचे अंक गठ्ठ्यात एका विशिष्ट तऱ्हेने घसरतात. डोळा सरावला की लांबून कळतात. अंक हाती आला की आधी मधले पान पाहायचे. पिनांतून सर्वांत लवकर सुटते ते मधले पान, आणि कथेचा कळसही बहुधा तेथेच असतो. मग मागचे आवरण. सुरुवातीच्या अंकांच्या पाठीवर गोविंद यांनीच काढलेले मोठे चित्र असे, आणि ते मुलांनी कापून भिंतीला लावलेले असते. म्हणजे अंक पुढून साबूत आणि पाठीकडून नागडा! नंतर पिना. पिना गंजल्या असतील तर गंज कागदात उतरतो. त्या हलक्या हाताने काढून टाकाव्यात. कागद मुळात हलका, तो पिवळा पडणारच. त्याला ऊन दाखवू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. सुती कापडाचे बासन आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला, या आजीच्या उपायापेक्षा सरस काही मला परभणीच्या उन्हाळ्यात सापडलेले नाही. कसर लागते ती मुख्यतः डकवलेल्या खाकी कागदाच्या खळीला. म्हणून ज्याने मायेने कव्हर घातले त्याचीच प्रत आधी जाते.

भाव विचाराल तर एके काळी रुपयाच्या आत मिळणाऱ्या या अंकांना आज हजारांत पैसे मोजणारे लोक आहेत. त्यांत इंग्रजी अंकांना मान अधिक. इंग्रजी अंक मुंबई-कलकत्त्याच्या बंगल्यांतून, कपाटांतून राहिले. मराठी अंक भाड्याच्या खोक्यांतून फिरले. साहजिकच चांगल्या स्थितीतला सुरुवातीचा मराठी अंक इंग्रजीपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. पण भाव नुसत्या दुर्मीळपणावर ठरत नाही, मागणाऱ्याच्या खिशावर ठरतो. मुंबईचे व्यापारी मराठी प्रतीत 'पाने लिहिलेली आहेत' म्हणून किंमत पाडतात. कोऱ्या प्रतीला दाम, असा जगभरचा नियम आहे, आणि अमेरिकेत तर अंक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून त्याला दहापैकी गुण देतात. मग तो कुणी उघडायचा नाही, वाचायचा तर नाहीच.

मला हा नियम मान्य नाही. माझ्याकडे १९६०च्या दशकाच्या अखेरची एक प्रत आहे. व्यापाऱ्याच्या मापाने तिला दहापैकी एक गुण मिळेल. मुखपृष्ठावर तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तीन मुलांची नावे, पहिली दोन खोडलेली. एकाच्या पुढे 'इ. ६ वी ब', दुसऱ्याच्या पुढे रेल्वे क्वार्टरचा क्रमांक. आत एका वाचनालयाचा जांभळा शिक्का. शेवटच्या पानावर पेन्सिलीने उधारीचा हिशेब: साखर, चहा, काडेपेटी. आणि एका चौकटीत, वेताळ घोड्यावरून उडी घेतो तेथे, त्याच्या तोंडचे वाक्य खोडून कुणीतरी खास परभणीची शिवी लिहिली आहे. ती येथे छापता येणार नाही, पण मूळ वाक्यापेक्षा तीच त्या प्रसंगाला अधिक शोभते! ही प्रत कोरी असती तर मला तिच्यातून काय कळले असते? मुंबईत काय छापले एवढेच. ते मुंबईत कळतेच. पूर्णेच्या क्वार्टरमधून ती कशी फिरली, हे मात्र या एकाच कागदावर लिहिलेले आहे.

म्हणून मी एक वही केली आहे. सापडलेला प्रत्येक मराठी अंक, तो विकत मिळो न मिळो, तीत उतरवतो: क्रमांक, महिना, किंमत, कथा, आणि त्यावर लिहिलेले सारे. खासगी नावांच्या जागी नुसती आद्याक्षरे. दरवर्षी दिवाळीत पाचपंधरा ओळींची भर पडते. अलीकडे कमी पडते. जी पिढी हे अंक पेटीत जपून होती तिची घरे आता रिकामी होऊ लागली आहेत, आणि मुले पुण्याहून येऊन दोन दिवसांत सारे आटोपून जातात.

या वहीतली सर्वांत मोठी नोंद सेलूची आहे. दहाबारा वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींकडे बांधीव खंड आहे असे कानी आले, म्हणून सकाळच्या गाडीने गेलो. गुरुजी ऐंशीच्या घरातले. त्यांचे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंत उर्दूतून झालेले. मराठी लिहिणे पुढे नोकरीसाठी नेटाने शिकले. वर्गातली वाचनात मागे राहणारी मुले ते शाळा सुटल्यावर थांबवून घेत आणि त्यांच्याकडून वेताळ मोठ्याने वाचून घेत. "धड्याला पोरगं अडखळायचं, पण इथं पुढं काय झालं ते कळायला पाहिजे ना, मग ओढत न्यायचं बिचारं," असे ते सांगत होते. सहकाऱ्यांनी थट्टा केली. त्यांनी बारा अंक जमवून काळ्या कापडात बांधून घेतले.

खंड समोर आला तेव्हा मी चकितच झालो. पाठीवर कागदाची पट्टी, आणि तीवर सुरेख वळणदार उर्दूत एकच शब्द: वेताळ. मी विचारले, "गुरुजी, मराठी पुस्तकावर उर्दू?"

"अक्षर चांगलं त्याच भाषेत येतं हो माझं," ते म्हणाले. मग हसू लागले. "आणि म्हणून तर वाचलं हे. दर दिवाळीला सुना पेटी उपसतात. आतली पुस्तकं किती गेली, विचारू नका. पण उर्दू दिसलं की त्यांना वाटतं, निजामाच्या वक्ताची जमिनीची कागदं असतील. हात लावत नाहीत."

आमच्याकडे ही गोष्ट घरोघर खरी आहे. ते कागद कुणाला वाचता येत नाहीत आणि टाकण्याची कुणाची छाती होत नाही.

विकण्याचे नाव काढू दिले नाही. ओसरीवर बसून मी बाराही अंकांची नोंद केली. पाने सारी होती, मधलीही, पाठीवरची चित्रेही. मार्जिनात पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या. कुठल्या मुलाने कुठवर वाचले त्या, असे गुरुजींनी सांगितले. एका खुणेपाशी त्यांनी बोट ठेवले आणि तो मुलगा आता कुठे तहसील कचेरीत असतो ते सांगू लागले. तोवर दुसरा चहा आला. मग त्यांनी खंड कापडात गुंडाळला, आत नेला, आणि पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या कागदांखाली, अगदी तळाशी ठेवून दिला.